ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आरसे: माप मोळीचं घ्यायचं

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातली संध्याकाळ, पेठ–सांगली रस्ता, आष्ट्याच्या अलीकडं. मागं दोन्ही ट्रॉल्या उसानं भरलेल्या. उजव्या हाताच्या पंपावर डिझेल भरायला वळायचं होतं. आरशात बघितलं, रस्ता मोकळा. हात दाखवला, स्टेअरिंग फिरवलं आणि उजव्या मडगार्डाशेजारी कर्कन ब्रेक वाजला. एक पोरगा मोटारसायकलसकट साइडपट्टीवर घसरत गेला होता. गुडघे सोलले, हँडल वाकलं, एवढ्यावर निभावलं. त्याला उठवून पाणी पाजलं तेव्हा तो एकच म्हणत होता, "काका, मी केवढा वेळ हॉर्न वाजवत होतो. तुम्ही बघितलं कसं नाही?"

मी बघितलं होतं. आरशात तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गाडीतळावर नंबर यायला चार तास होते. तेवढ्या वेळात टेप घेऊन मापं काढली. ट्रॅक्टरच्या मध्यापासून मोळीची, म्हणजे ट्रॉलीत रचलेल्या उसाची, कड 122 सेंटीमीटरवर होती आणि आरशाची बाहेरची कड 100 सेंटीमीटरवर. म्हणजे आरसा मोळीच्या एक वीत आत. त्या एका वितीनं मागचा किती रस्ता झाकला जातो हे कागदावर काढलं आणि हातपाय गार पडले.

हिशेब असा आहे. पुढच्या ट्रॉलीचा पुढचा कोपरा आरशाच्या साधारण 3 मीटर मागं येतो. आरशातून मागं जाणारी नजर त्या कोपऱ्याला घासून तिरकी बाहेर पडते. 3 मीटरला 22 सेंटीमीटर बाहेर, या दरानं 50 मीटर मागं ती आरशाच्या रेषेपासून 3 मीटर 67 सेंटीमीटर बाहेर गेलेली असते. म्हणजे तिथं मोळीच्या कडेला लागून जवळजवळ साडेतीन मीटरचा पट्टा आरशात येतच नाही. हमरस्त्याची एक लेन साडेतीन मीटरचीच असते. ओव्हरटेक करायला निघालेला माणूस 50 मीटरवर असताना पुरता झाकलेला, आणि दिसायला लागतो तो मागच्या ट्रॉलीच्या शेपटाशी आल्यावर. तो ताशी 60 किलोमीटरनं येतोय आणि आपण 20 नं चाललोय, तर ते 50 मीटर साडेचार सेकंदात संपतात. हात दाखवून स्टेअरिंग फिरवायला आपल्याला तेवढाच वेळ लागतो.

म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा: आरशाचं माप ट्रॅक्टरचं घ्यायचं नाही, भरलेल्या मोळीचं घ्यायचं. पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

माप घेणं

रिकाम्या ट्रॉलीचं माप घेऊन उपयोग नाही. 7 फुटी ट्रॉली भरल्यावर 8 फुटांची होते, आणि दहा किलोमीटर खड्ड्यांतून गेल्यावर दोर सैल पडून आणखी फुगते. त्यामुळं मोजायची वेळ म्हणजे कारखान्यावर पोचल्यानंतरची. गाडीतळावर तसाही वेळ जाता जात नाही.

गवंड्याचा ओळंबा घ्या. नसेल तर सुतळीला नट बांधा. ट्रॉलीच्या बाजूनं सगळ्यात बाहेर आलेली कांडी शोधा, तिच्या टोकाला सुतळी टेकवा आणि खाली जमिनीवर जिथं नट टेकतो तिथं खडूनं खूण करा. दोन्ही बाजूंना, पुढं आणि मागं, दोन्ही ट्रॉल्यांना. आठ खुणा होतील. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या एका सरळ रेषेत उभ्या असतील तर ट्रॅक्टरच्या मध्यावरून मागं सुतळी ताणून प्रत्येक खुणेचं अंतर मोजा. सगळ्यात मोठा आकडा तुमचा. माझ्याकडं डावी बाजू उजवीपेक्षा तीन बोटं जास्त निघाली, कारण भरणारे गडी नेहमी एकाच बाजूनं चढतात.

हे एका खेपेला करून थांबू नका. ऊसतोडीची टोळी बदलली की भरायची पद्धत बदलते. तीन-चार खेपा मोजा. आणि मोजताना टोळीच्या मुकादमाला शेजारी उभं करा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. मी आमच्या मुकादमाला ते आकडे दाखवले. "मालक, एवढं बाहेर येतंय व्हय?" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून कडेच्या मोळ्या आत दाबून बसायला लागल्या. मोळी चार बोटं आत आली की आरशाची दांडी चार बोटं आखूड होते, आणि दांडी आखूड तर थरथर कमी. फडात मुकादमाशी पाच मिनिटं बोलून दुकानातला अर्धा खर्च वाचतो.

आणखी दोन मापं लागतील. सीटवर नेहमीसारखं बसा, पाठ टेकून, आणि दुसऱ्याला तुमच्या डोळ्यापासून आरसा येणार त्या जागेपर्यंत टेप धरायला सांगा. ट्रॅक्टरवर आपण मधोमध बसतो, त्यामुळं हे अंतर दोन्हीकडं सारखंच, साधारण 1.4 मीटर भरतं. दुसरं माप आरशाच्या जागेपासून मागच्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंतचं. दोन ट्रॉल्यांना ते 12 मीटरच्या आसपास येतं, म्हणजे चाळीस फूट. पुढचे आकडे मी याच मापांवर काढलेत. तुमची मापं वेगळी असतील तर आकडे थोडे सरकतील, निष्कर्ष तोच राहील.

काच: सपाट की फुगीर

इथं घाई करू नका, कारण चूक बहुतेकदा इथंच होते.

सपाट काचेत वस्तू आहे त्या अंतरावर, आहे तेवढी दिसते. जुने ड्रायव्हर म्हणूनच ती मागतात. "सपाट आरसा खोटं बोलत नाही," असं आमचे आण्णा म्हणायचे. ते खरंच आहे. पण ट्रकचा ड्रायव्हर आपल्या बाजूच्या आरशाच्या हातभर अंतरावर बसतो, ट्रॅक्टरवाला दीड मीटरवर. आरसा जितका लांब तितकी त्याच्यातली खिडकी बारीक होत जाते. 20 सेंटीमीटर रुंदीची सपाट काच 1.4 मीटरवरून बघितली तर 12 मीटर मागं, शेपटाशी, फक्त 1.6 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ट्रॉली जरा डुलली, सीट जरा हलली, की तो पट्टा भलतीकडंच जातो.

फुगीर काच, शाळेच्या पुस्तकात जिला बहिर्वक्र म्हणायचे ती, जास्त रुंद दाखवते. किती, ते तिच्या फुगवट्यावर आहे. हा फुगवटा मिलिमीटरमधल्या त्रिज्येत मोजतात, आणि त्रिज्या जितकी लहान तितकी काच जास्त फुगीर. मोठ्या गाड्यांच्या मुख्य आरशाची त्रिज्या 1200 मिलिमीटरच्या खाली नसावी असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे, आणि रुंद दाखवणाऱ्या जोड-आरशाला 300 पर्यंत चालते. तीच 20 सेंटीमीटरची काच 1200 त्रिज्येची घेतली तर शेपटाशी 1.6 च्या जागी साडेपाच मीटर दिसतं. म्हणजे मोळीची कड, शेजारची आख्खी लेन आणि वर थोडी साइडपट्टी. 300 त्रिज्येत तर 17 मीटरच्या पुढं दिसतं, पलीकडचं शेतसुद्धा.

मग 300 चीच का घेऊ नये? कारण रुंदी फुकट मिळत नाही. 1200 च्या काचेत मागची मोटारसायकल सपाट काचेतल्या आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच दिसते, आणि 300 च्या काचेत दहाव्या हिश्श्याएवढी. आकार लहान दिसला की मन म्हणतं, "लांब आहे अजून." ती लांब नसते. दिवेलागणीला दहाव्या हिश्श्याची मोटारसायकल म्हणजे काचेवरचा एक ठिपका. त्याच्यावर भरवसा ठेवून वळायचं नाही.

माझं मत असं: ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना मुख्य आरसा फुगीर, 1200 च्या आसपासचा. डाव्या बाजूला त्याच्याखाली एक लहान गोल, जास्त फुगीर आरसा. हा लहान आरसा लांबचं बघायला नाही. डावीकडं वळताना मागच्या ट्रॉलीचं चाक आत कापत येतं, त्या चाकाशी कोण आहे ते बघायला आहे. दोन ट्रॉल्या असल्या की दुसरी पहिलीपेक्षाही आत येते. गावातल्या चौकात डाव्या कडेला सायकल धरून उभं असलेलं शाळेचं पोर याच जागेत सापडतं. जागा असेल तर उजवीकडंही गोल आरसा लावा, पण दोनांतून एक निवडायचा झाला तर डावीकडं.

उंचीला काच किमान 30 सेंटीमीटर हवी, उभी. ट्रॅक्टरच्या सीटवर माणूस वरखाली उसळत असतो. आडवी, बुटकी काच असली तर कधी आभाळ दिसतं आणि कधी डांबर.

दुकानात

कराड, सांगली, मिरज, कुठंही ट्रकच्या स्पेअरपार्टच्या दुकानात उभे मोठे आरसे मिळतात. ट्रॅक्टरचाच आरसा मागायची गरज नाही. ट्रकचा चांगला.

जाताना एक फूटभर लांबीची स्टीलची पट्टी खिशात ठेवा. दुकानदार "फुगीर आहे" म्हणेल, पण किती फुगीर ते बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. पट्टी काचेच्या रुंदीवर आडवी, मधोमध टेकवा. सपाट काचेला ती सगळीकडं चिकटून बसेल. फुगीर काचेला मध्ये टेकेल आणि दोन्ही कडांना फट राहील. 20 सेंटीमीटर रुंदीच्या काचेला दोन्ही कडांना 4-4 मिलिमीटर फट पडली तर त्रिज्या 1200 च्या जवळ आहे. 8 मिलिमीटर पडली तर 600, म्हणजे जास्तच फुगीर, मुख्य आरसा म्हणून परत ठेवा. 16-17 पडली तर ती 300 ची. एक रुपयाची नाणी एकावर एक ठेवून फट मोजली तरी अंदाज येतो, पण पट्टीबरोबर पातळ पात्यांचं फिलर गेज नेलंत तर उत्तम.

मग काचेची नितळता बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटकडं पाठ करून आरशात ट्यूब बघा आणि मान हळूहळू हलवा. फुगीर काचेत ट्यूब कमानीसारखी वाकेल, ते ठीक. पण ती सापासारखी नागमोडी झाली किंवा मध्येच तुटल्यासारखी दिसली तर काच खराब आहे. अशा आरशात मागची गाडी कधी जवळ, कधी लांब उडी मारते.

मागचा डबा पत्र्याचा की प्लॅस्टिकचा यावर फार डोकं घालवू नका. गोळ्याचा सांधा, ज्याच्यावर आरसा फिरतो, तो मात्र हातानं फिरवून बघा. सहज फिरला तर रस्त्यावर आपोआप फिरेल. जोर लावून फिरला पाहिजे.

जागा आणि दांडी

आरसा कुठं धरायचा याला तीन जागा आहेत: मडगार्ड, छताचा पुढचा खांब, आणि बोनेटची बाजू.

बोनेटवर किंवा पुढच्या बंपरवर लावला तर समोर बघता बघता आरसा नजरेत येतो, ही त्याची मोठी सोय. पण डोळ्यापासून तो अडीच मीटरवर जातो, चित्र आणखी बारीक होतं, आणि उभा सायलेन्सर एका बाजूला आडवा येतो. मडगार्डावर लावला तर दांडी सगळ्यात आखूड लागते, पण मान बरीच वळवावी लागते आणि तेवढा वेळ समोरचं सुटतं. मला मधली जागा पटली: मडगार्डाच्या पुढच्या टोकापासून जाड पट्टी उभी घ्यायची आणि तिच्यावरून दांडी बाहेर काढायची, म्हणजे आरसा डोळ्याच्या दोन-अडीच फूट पुढं येतो. छत असेल तर त्याच्या पुढच्या खांबाला यू-बोल्टनं धरा. पण उलटल्यावर माणूस वाचवणारी रोलबारची चौकट असेल तर तिला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. भोकानं आणि वेल्डिंगच्या तापानं ती तिथं कमजोर होते, आणि नेमक्या वेळी तिथंच मोडते. तिला नुसतं क्लॅम्पनं आवळा.

वेल्डिंगची वेळ आलीच तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, नाहीतर अल्टरनेटर जळतो. आणि डिझेलच्या टाकीजवळ करायचं असेल तर तो भाग काढून टेबलावर नेऊन करा.

आरसा किती बाहेर? आरशाचा मध्य मोळीच्या कडेच्या दोन-तीन बोटं बाहेर यावा. 20 सेंटीमीटरच्या काचेची बाहेरची कड मग मोळीच्या 15 सेंटीमीटर बाहेर राहते. याच्यापेक्षा जास्त बाहेर काढू नका. आता गाडीचा सगळ्यात रुंद भाग हा आरसाच आहे, समोरून येणाऱ्या एसटीला तो लागू शकतो. म्हणून त्याच्या पाठीवर, पुढून दिसेल असं, रेडियम चिकटवा. आणि आरशाची खालची कड जमिनीपासून सहा फुटांच्या वर ठेवा, रस्त्याकडेनं चाललेल्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही अशी. ट्रॅक्टरच्या सीटवर आपले डोळे तेवढ्याच किंवा त्याहून वरच्या उंचीला असतात, त्यामुळं बघायला अडचण येत नाही.

थरथर हा ट्रॅक्टरचा स्वभाव आहे आणि आरशाचा शत्रू. दांडीची लांबी दुप्पट झाली की त्याच वजनाखाली ती आठपट लवते. म्हणून नुसती जाड पाइप लावून भागत नाही, खालून एक तिरपा टेकू द्यायचा, त्रिकोण करायचा. मी पहिल्यांदा टेकूशिवाय लावली होती. इंजिन रस्त्याच्या वेगावर आलं की आरशातली नंबरप्लेट एकाच्या दोन दिसायची. गॅरेजवाल्या तात्यांनी बघितलं आणि म्हणाले, "याला काठी दे रं, पावसाळ्यातल्या वेलीला देतो तशी." त्यांनी अर्ध्या इंची सळईचा टेकू लावला, क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं, आणि त्याच वेगावर आकडे वाचता यायला लागले. नट आवळताना खाली स्प्रिंग वायसर आणि वर चेकनट दोन्ही घाला. एकटा नट आठवड्यात सैल पडतो.

दांडी आत-बाहेर सरकणारी करून घ्या. एका पाइपात दुसरी पाइप, आणि बाहेरच्या पाइपला वेल्ड केलेल्या नटातून एक आवळायचा बोल्ट. अमेरिकेत पिकअपच्या मागं राहायची ट्रॉली बांधून फिरणारे लोक असेच बाहेर सरकणारे आरसे लावतात, कारण त्यांचीही अडचण हीच: गाडी साडेसहा फुटांची आणि मागची ट्रॉली आठ-साडेआठ फुटांची. आपल्याकडं पिकअपमागं ट्रॉली ओढणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. फरक एवढाच की पिकअपमध्ये ड्रायव्हर उजव्या दाराला बसतो, त्यामुळं उजवा आरसा जवळ आणि डावा लांब पडतो. तिथं उजवीकडं सपाट काच चालते, डावीकडं फुगीरच हवी.

सरकत्या दांडीचा खरा फायदा पाणंदीत कळतो. दोन्हीकडं बाभळी, मध्ये एक ट्रॅक्टर जाईल एवढीच वाट. तिथं आरसा आत घ्यायचा, डांबरीला लागला की बाहेर. बाहेर काढायची जागा ठरलेली असावी म्हणून आतल्या पाइपवर हॅकसॉनं एक खाच पाडून तिच्यात लाल रंग भरा. खाच कडेला आली की आवळायचं. अंदाजानं ओढायचं नाही.

लावून बघणं

हे काम दोन माणसांचं आणि एका मोटारसायकलीचं. जागा सपाट आणि मोकळी हवी, कारखान्याचा रिकामा तळ किंवा शाळेचं मैदान. ट्रॉल्या भरलेल्या असताना करा.

ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या सरळ रेषेत उभ्या करा. सीटवर नेहमीसारखं बसा, ताठ नाही. उजवा आरसा असा फिरवा की आतल्या कडेला एक बोटभर मोळी दिसेल. मोळीची कड न दिसणारा आरसा कुठं बघतोय ते चालताना कळत नाही, म्हणून ती एक बोटभर हवीच. वरखाली करताना मागच्या ट्रॉलीचं चाक जमिनीला जिथं टेकतं ते खालच्या भागात यावं, आणि रस्ता क्षितिजाला जिथं मिळतो ते वरच्या तिसऱ्या हिश्श्यात. डावा तसाच. लहान गोल आरसा खाली झुकवा, त्याच्यात मागचं चाक आणि त्याच्याशेजारची दोन हात जमीन दिसली पाहिजे, बाकी काही नको.

आता दुसऱ्या माणसाला मैदानात आखायची फक्की द्या आणि खांद्यावर पांढरा टॉवेल टाकायला सांगा. त्यानं ट्रॉलीच्या कडेकडेनं मागं चालत जायचं, मग बाहेर, मग परत आत. तुम्ही आरशातून बघत राहा. टॉवेल दिसेनासा झाला की ओरडा, त्यानं तिथं फक्कीची चिमूट टाकायची. परत दिसला की परत ओरडा. अर्ध्या तासात जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांचा नकाशा तयार होतो. मग सीटवरून उतरा आणि तो नकाशा चालून बघा. मी त्या ठिपक्यांच्या मध्ये उभा राहिलो तेव्हा कळलं की माझ्या जुन्या आरशाच्या वेळी इथं माझी आख्खी मोटारसायकल, माझी बायको आणि पोरगं बसलेली असती तरी मला दिसली नसती.

शेवटी मोटारसायकल शेपटापासून पन्नास पावलं मागं, उजवीकडच्या लेनमध्ये उभी करा, दिवा चालू ठेवा. आरशात ती केवढी दिसते ते नीट बघून घ्या. मग वीस पावलांवर आणा, परत बघा. फुगीर काचेची सवय अशी डोळ्याला लावावी लागते. माझा नियम आता असा आहे: पन्नास पावलांवर दिसली होती तेवढी किंवा त्याहून मोठी गाडी आरशात असेल तर वळायचं नाही, ती गेल्यावर वळायचं. सीटवर दुसरा ड्रायव्हर बसणार असेल तर त्याच्याकडूनही हे सगळं करून घ्या. त्याची उंची वेगळी, त्याचा आरसा वेगळा फिरवावा लागतो.

जे आरशात येतच नाही

आरसा 15 सेंटीमीटर बाहेर असला तरी बरोब्बर ट्रॉलीच्या पाठीमागं काय आहे ते दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या नजरा आत तिरक्या होत होत शेपटाच्या मागं जवळपास 100 मीटरवर एकमेकींना मिळतात. त्याच्या आधीचा लांबलचक त्रिकोण आंधळाच राहतो. आणखी आरसे लावून हा त्रिकोण जात नाही. त्या जागेसाठी दोनच गोष्टी आहेत. एक, मागच्यानं आपल्याला बघावं म्हणून शेवटच्या ट्रॉलीला लाल रेडियम पट्टी, रिफ्लेक्टर आणि चालू टेललाइट. हंगामाच्या तोंडाला पोलीस आणि आरटीओ दरवर्षी याची मोहीम घेतात, त्यांनी लावायची वाट बघू नका. मोळीनं पट्टी झाकली जात नाही ना, ते भरल्यावर मागं जाऊन बघा. दोन, रिव्हर्स घेताना खाली उतरलेला माणूस, आणि तो आरशात दिसेल अशा जागी उभा. तो दिसेनासा झाला की थांबायचं, आवाजाची वाट बघायची नाही.

कॅमेऱ्याबद्दल लोक विचारतात. 12 व्होल्टवर चालणारे कॅमेरे मिळतात आणि रिव्हर्सला उपयोगी पडतात. पण उसाच्या ट्रॉल्या सुटतात, बदलतात, वायर पाचटात अडकून तुटते, आणि धुळीनं काच दोन खेपांत आंधळी होते. आरसे नीट बसल्यावर लावायचा असेल तर जरूर लावा. आरशाच्या ऐवजी नाही.

आणि टेप. मोठ्यानं गाणी लावायची आवड मला कळते, रात्री दोनला एकट्यानं गाडी हाकताना झोप येऊ नये म्हणून लावतात. पण त्या पोराचा हॉर्न मला ऐकू आला नव्हता, तेव्हा टेप चालू होता. आता रस्त्यावर तो मी माझ्या सीटपुरता ठेवतो.

हंगामात रोज

डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठाला पहाटे दव पडतं, धुकं असतं. काच पुसली तरी पाच मिनिटांत परत थेंब. ओल्या फडक्याला अंगाचा साबण किंचित घासून काच पुसायची, मग कोरड्या फडक्यानं चमकवायची. साबणाच्या पातळ थरावर पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी पसरून जातं आणि चित्र दिसतं. हे रोज निघायच्या आधी. फडकं सीटखालीच ठेवा, शर्टच्या बाहीनं पुसू नका, धूळ घासून काचेवर ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या दिव्यानं सगळा आरसा पांढरा होतो.

कारखान्याच्या वजनकाट्यावरून उतरल्यावर, रिकाम्या गाडीनं निघताना, आरसे आत घ्या. रिकाम्या ट्रॉलीला एवढं बाहेर लागत नाही. फडात भरून झालं की परत खाचेपर्यंत बाहेर. आठवड्यातून एकदा सगळ्या नटांना पाना लावा, तिरप्या टेकूच्या नटाला आधी, कारण तोच सगळ्यात आधी सैल पडतो.

काचेला तडा गेला तर चिकटपट्टी लावून हंगाम काढू नका. तड्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि मधली मोटारसायकल नाहीशी होते. पहिल्या वर्षापासून मी एक जोड काच घरात ठेवतो.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, गळीत संपलं, की दांड्या उतरवा. नांगरटीला आणि रोटरला त्यांची गरज नाही, आणि उन्हापावसात नुसत्या गंजतात. गोळ्याच्या सांध्याला ग्रीस लावा, काचेवर पोतं गुंडाळा आणि प्रत्येक नट-वायसर त्याच बोल्टवर फिरवून ठेवा. डाव्या दांडीला एक आणि उजव्या दांडीला दोन सुतळ्या बांधा. माझ्या दोन्ही दांड्या दिसायला सारख्या आहेत, पण डावी तीन बोटं लांब आहे, आणि पुढच्या दिवाळीला हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.